पोलिश क्रियापदांची वही

क्राकूव, रविवार

पोलिश भाषेसाठी केलेल्या वहीतील क्रियापदांची पाने आज नव्याने मांडायला घेतली. पाठ्यपुस्तकात क्रियापद नेहमी मूळ रूपात, म्हणजे आपल्या 'करणे', 'लिहिणे' या धर्तीच्या रूपात दिलेले असते आणि त्याच्या शेवटी बहुधा मृदू 'च' येतो: चिताच म्हणजे वाचणे, पिसाच म्हणजे लिहिणे, रोबिच म्हणजे करणे. शब्दकोश पाहताना हे रूप उपयोगी पडते, परंतु त्यावरून वर्तमानकाळाचा अंदाज बांधता येत नाही, कारण चिताच आणि पिसाच यांची शेवटे सारखी असूनही त्यांच्या वाटा पहिल्याच पायरीवर वेगळ्या होतात. 'मी वाचते' याला चिताम आणि 'तू वाचतेस' याला चिताश म्हणतात. 'मी लिहिते' मात्र पिशे होते आणि 'तू लिहितेस' पिशेश, म्हणजे धातूतील 'स'चा 'श' होतो आणि 'आ' हा स्वर गळून पडतो. म्हणून वहीत यापुढे प्रत्येक क्रियापदाची तीन रूपे एकाच ओळीत लिहायची, असे ठरवले: मूळ रूप, 'मी'चे रूप आणि 'तू'चे रूप.

ही दोन पुरुषवाचक रूपे हाती असली की वर्तमानकाळाची उरलेली चार रूपे जवळजवळ आपोआप मिळतात. 'तू'च्या रूपाचा शेवटचा 'श' काढला की 'तो' किंवा 'ती' यांचे रूप उरते. त्यालाच 'मी' हा प्रत्यय लावला की 'आम्ही'चे आणि 'चे' लावला की 'तुम्ही'चे रूप तयार होते. ('आम्ही' दाखवणारा हा प्रत्यय कानाला आपल्या 'मी'सारखा लागतो, म्हणून सुरुवातीला त्याच्याकडे जरा अधिक लक्ष द्यावे लागते.) 'ते' या कर्त्याचे रूप मात्र 'मी'च्या रूपाकडून येते: शेवटच्या 'ए'च्या जागी नाकातला 'ओँ' येतो. 'शकणे' हे क्रियापद या दृष्टीने फार बोलके आहे. त्याचे मूळ रूप मुत्स, 'मी'चे मोगे आणि 'तू'चे मोझेश. आता मोझे, मोझेमी, मोझेचे ही तीन रूपे 'तू'च्या घरातली आणि मोगोँ हे 'मी'च्या घरातले. 'जाणे' हे क्रियापदही असेच चालते: इदे, इजेश, इजे, इजेमी, इजेचे, इदोँ. कोष्टकात 'ग'चा 'झ' आणि 'द'चा 'ज' होताना पाहून ही सगळी अनियमित क्रियापदे आहेत असे वाटते, पण बदल कुठे होणार हे ठरलेले असते. मधल्या चार रूपांत तो होतो आणि दोन टोकांना होत नाही.

रोबिचच्या गटात मधला स्वर 'ए'ऐवजी 'इ' असतो: रोब्ये, रोबिश, रोबी, रोबिमी, रोबिचे, रोब्योँ. चितामच्या गटात 'मी'चे रूप 'म'वर संपते आणि 'ते'च्या रूपात 'योँ' येते, जसे चितायोँ. ज्यांच्या मूळ रूपाच्या शेवटी 'ओवाच' येते, त्यांचा 'ओवा' वर्तमानकाळात 'उये' होतो. प्रात्सोवाच म्हणजे काम करणे, त्याचे प्रात्सुये आणि प्रात्सुयेश. (यातला 'त्स' म्हणजे आपल्या 'चमचा'तला च, मराठी माणसाला तो जन्मापासून येतो.) हा शेवटचा गट आधी शिकावा, असे माझे मत झाले आहे, कारण बाहेरून आलेले कितीतरी धातू पोलिश भाषा याच साच्यात घालते. गाडी पार्क करणे हे येथे पार्कोवाच होते आणि त्याची सगळी रूपे कोणी न सांगता करता येतात.

'असणे' हे क्रियापद कोणत्याच गटात बसत नाही आणि तेच सर्वांत आधी लागते: येस्तेम, येस्तेश, येस्त, येस्तेश्मी, येस्तेशचे, सोँ. पाच रूपे एका तोंडवळ्याची आणि सहावे अगदी निराळे, हे पाहून माझ्याबरोबर शिकणारे काही जण त्रासले होते. मला मात्र शाळेतले संस्कृत आठवले. तिथेही 'अस्ति'चे अनेकवचन 'सन्ति' होते, म्हणजे आरंभीचा स्वर जातो आणि 'स' उरतो. येस्त आणि सोँ ही त्याच जुन्या जोडीची पोलिश भावंडे आहेत. दोन्ही भाषांचे मूळ एक असल्याचा पुरावा असा रोजच्या बोलण्यात सापडावा, याचा मला फार आनंद होतो.

आदरार्थी बोलण्याचा भाग लवकर पुरा झाला. शेजारच्या वयस्कर बाईंना 'तू'चे रूप चालत नाही आणि 'तुम्ही'चेही चालत नाही. 'पानी' हा बाईंसाठीचा आदराचा शब्द घेऊन क्रियापद तृतीय पुरुषी एकवचनात ठेवायचे असते. 'ची पानी मुवी पो पोलस्कू?' म्हणजे 'बाई पोलिश बोलतात का?' असे समोरच्या बाईंनाच विचारायचे. 'साहेब कधी येणार?' असे साहेबांनाच विचारणाऱ्या भाषेत वाढलेल्या माणसाला यात नवल वाटू नये.

मंगळवार, रात्री

आज भूतकाळ. त्याची ओढ मला पहिल्यापासून आहे आणि तिचे कारण या वहीत एकदा लिहून ठेवायला हवे. मी कोल्हापूरची. आमच्या शहराजवळ वळिवडे येथे 1943 ते 1948 या काळात पोलिश निर्वासितांची छावणी होती. सुमारे पाच हजार माणसे तेथे राहिली आणि त्यांत स्त्रिया व मुले बहुसंख्य होती. त्यांची आठवण जपणारा स्तंभ महावीर उद्यानात उभा आहे. त्या छावणीत वाढलेल्या मुलामुलींनी पुढे पोलिश भाषेत आपल्या आठवणी लिहिल्या. त्या मुळातून वाचता याव्यात ही माझी इच्छा आहे, आणि आठवणी म्हटल्या की त्या भूतकाळातच असणार.

भूतकाळ करताना मूळ रूप पुन्हा कामाला येते. शेवटचा 'च' काढायचा आणि त्याच्या जागी आडवी रेघ मारलेला पोलिश 'ल' लावायचा. तो लिहायला 'ल' असला तरी आज त्याचा उच्चार 'व'सारखा होतो. पिसाचचे पिसाव म्हणजे 'त्याने लिहिले' आणि पिसावा म्हणजे 'तिने लिहिले'. येथे वर्तमानकाळातला 'श' येत नाही. पुरुष 'मी लिहिले' हे पिसावेम असे म्हणतो आणि स्त्री पिसावाम असे म्हणते. वर्तमानकाळात पोलिश क्रियापद लिंग दाखवत नाही, 'वाचतो' आणि 'वाचते' या दोहोंना चितामच म्हणतात. भूतकाळात मात्र लिंग टाळता येत नाही. 'मी गेलो' आणि 'मी गेले' यांतला फरक रोज करणाऱ्या आपल्याला ही गोष्ट मुद्दाम शिकावी लागत नाही.

जिथे मराठीची सवय आडवी येऊ शकते ती जागा वेगळी आहे. आपल्या कर्मणि प्रयोगात क्रियापद कर्माच्या मागे जाते: मी पत्र लिहिले, मी कविता लिहिली, मी लेख लिहिला. पोलिशमध्ये भूतकाळी क्रियापद कर्माकडे पाहतच नाही. लिहिणारी स्त्री असेल तर पत्र असो वा कविता, पिसावाम हेच रूप राहते. यासाठी मी मनाशी 'शिकणे' हा नमुना धरला आहे. 'मी गणित शिकले', 'मी कला शिकले', 'मी धडा शिकले' या वाक्यांत कर्म असूनही क्रियापद कर्त्याचे ऐकते. 'विसरणे' आणि 'बोलणे' यांचेही असेच आहे. सगळी पोलिश क्रियापदे 'शिकणे'च्या चालीने चालतात असे मानले की वाक्य बरोबर जुळते.

पिसावाम या रूपाच्या शेवटी जो 'म' आहे, तो कुठून आला हे समजल्यावर तर हा काळ मला अगदी जवळचा वाटू लागला. जुन्या पोलिशमध्ये भूतकाळी रूपापुढे 'असणे' या क्रियापदाचे रूप स्वतंत्र शब्द म्हणून येत असे. पुढे ते झिजले आणि आधीच्या शब्दाला चिकटले. 'आलो आहे' याचे बोलताना 'आलोय' होते आणि 'आली आहेस' याचे 'आलीयेस', तसाच हा प्रकार आहे, फक्त पोलिशमध्ये तो लेखी भाषेतही पक्का झाला. त्या जुन्या स्वातंत्र्याच्या खुणा अजून उरल्या आहेत. 'तू कुठे होतीस?' हे 'ग्जे बिवाश?' असे विचारतात, आणि बोलण्यात कधी तो शेवटचा 'श' उचलून 'कुठे'ला लावतात: 'ग्जेश बिवा?' आघातही याची साक्ष देतो. पोलिश शब्दात आघात साधारणपणे शेवटून दुसऱ्या अक्षरावर पडतो, पण 'आम्ही वाचले' या अर्थाच्या चितालिश्मी या रूपात काळजीपूर्वक बोलणारा माणूस तो शेवटून तिसऱ्या अक्षरावर, 'ता'वर देतो, कारण 'श्मी' हा तुकडा मूळचा त्या शब्दाचा नव्हेच.

आता वळिवड्याच्या आठवणींकडे. मराठीत 'आम्ही गेलो' असे पुरुषही म्हणतात आणि स्त्रियाही म्हणतात. त्या 'आम्ही'मध्ये कोण कोण होते, हे क्रियापद सांगत नाही. पोलिशमध्ये ते सांगते. 'आम्ही होतो' हे बिलिश्मी असे लिहिले असेल, तर त्या गटात निदान एक पुरुष किंवा मुलगा होता. बिवीश्मी असेल, तर सगळ्या बायका किंवा मुली होत्या. तृतीय पुरुषातही हाच भेद आहे: पुरुष असलेल्या समूहाला बिली, आणि बायका, लेकरे, प्राणी, वस्तू या सर्वांना बिवी. म्हणजे छावणीतल्या शाळेविषयी, गाण्यांविषयी किंवा नदीवर जाण्याविषयी कोणी एखादे वाक्य लिहिले, तर त्या वेळी बरोबर फक्त मैत्रिणी होत्या की भाऊही होते, हे वाचणाऱ्याला एका अक्षरावरून कळेल. युद्धाने वडील आणि थोरले भाऊ दुरावलेल्या मुलींच्या लिखाणात हे अक्षर किती काही सांगत असेल! मराठी भाषांतरात ते आणायचे तर 'आम्ही मुली' असे शब्द मुद्दाम घालावे लागतील, आणि मला वाटते की भाषांतर करणाऱ्याने ते घालावेतच.

शुक्रवार

पूर्णता आणि अपूर्णता यांचा धडा सुरू झाला. पोलिशमध्ये बहुतेक क्रियांना दोन क्रियापदे असतात. चिताच म्हणजे वाचत असणे किंवा वाचत राहणे, आणि प्शेचिताच म्हणजे वाचून पुरे करणे; पिसाचची जोडी नापिसाच, रोबिचची झ्रोबिच. काही जोड्या उपसर्गाने होत नाहीत, जसे विकत घेण्यासाठी कुपोवाच आणि कुपिच. आणि काहींत तर दोन शब्दांचा एकमेकांशी संबंधच दिसत नाही, जसे घेण्यासाठी ब्राच आणि व्झ्योन्च, बोलण्या-सांगण्यासाठी मुविच आणि पोव्येजेच. अशा जोड्या सोबतच पाठ कराव्या लागतात.

आपल्याकडे हे काम संयुक्त क्रियापदे करतात: वाचून काढले, लिहून टाकले, करून घेतले. फरक असा, की मराठीत नुसते 'वाचले' म्हणून पुढे जाता येते, पोलिशमध्ये मात्र प्रत्येक वाक्यात दोहोंपैकी एकाची निवड करावीच लागते. 'काल मी ते पुस्तक चितावाम' यात ते संपले की नाही याविषयी काहीच सांगितलेले नाही. प्शेचितावाम म्हटले की ते शेवटच्या पानापर्यंत वाचून झाले.

या पूर्ण क्रियापदांना वर्तमानकाळ नसतो. जी गोष्ट पुरी झाली म्हणायची, ती आत्ता चालू असू शकत नाही, हा त्यामागचा विचार आहे. त्यामुळे त्यांना वर्तमानाचे प्रत्यय लावले की अर्थ भविष्याचा होतो: चिताम म्हणजे 'मी वाचते', प्शेचिताम म्हणजे 'मी वाचून पुरे करीन'. 'आज रात्री हे वाचून काढते' असे आपण म्हणतो तेव्हा रूप वर्तमानाचे आणि अर्थ पुढचा, हेच होत असते. अपूर्ण क्रियापदाच्या भविष्यासाठी मात्र मदतीला दुसरे क्रियापद लागते: 'बेन्दे चिताच' किंवा, बोलणारी स्त्री असेल तर, 'बेन्दे चितावा'. या दोहोंचा अर्थ एकच असून दोन्ही रूपे बरोबर मानली जातात. मी दुसरे वापरायचे ठरवले आहे, कारण त्यात माझे बोलणे माझ्या लिंगासह येते.

पुढच्या पानावर गतीची क्रियापदे घ्यायची आहेत. पायी जाणे आणि वाहनाने जाणे यांना पोलिशमध्ये वेगळे शब्द आहेत, आणि त्या प्रत्येकाची पुन्हा दोन क्रियापदे: आत्ता एका दिशेने जात असल्यास इश्च आणि येखाच, नेहमी जात-येत असल्यास खोजिच आणि येझ्जिच. यांतल्या इश्चचा भूतकाळ मूळ रूपावरून निघत नाही, तो शेदव आणि श्वा असा होतो, म्हणून त्याच्या ओळीत तीनऐवजी पाच रूपे लिहावी लागतील. वहीत तेवढी जागा सोडून ठेवली आहे.