उडीद, आप्पा आणि दाराची बेल

बुधवार, रात्री साडेअकरा

खरं तर झोप आलीये पण लिहून ठेवते, नाहीतर आठवड्याभराने घरातले सगळे म्हणतील की एवढं काही झालंच नव्हतं.

काल संध्याकाळी आप्पा देवळातून हरिपाठ करून आले, हातात द्राक्षांची पिशवी (नाशकात फेब्रुवारीत कुणी ना कुणी पिशवी हातात कोंबतंच), बेल वाजली, मी दार उघडलं आणि उडीदने जी झेप घेतली ती थेट आप्पांच्या छातीवर. उडीद म्हणजे आमचा कुत्रा, नऊ महिन्यांचं देशी पोर, वजन १४ किलो. पिशवी उडाली, द्राक्षं पार जिन्यापर्यंत गेली आणि मी वेड्यासारखी आधी द्राक्षंच गोळा करत सुटले कारण द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याला विषासारखे असतात, किडनी जाऊ शकते, आणि किती खाल्ल्यावर त्रास होईल याचाही काही हिशोब नसतो. तो एक घोस तोंडात धरून सोफ्याखाली गेला, मी पोटावर झोपून त्याच्या तोंडातून घोस काढला, आणि मागून आप्पांचा शांत आवाज, "माझ्याकडे पण बघ गं सवडीने."

हाताला नखाचा ओरखडा. साधा ओरखडा, पण स्टेंट टाकल्यापासून त्यांना रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत आणि या वयात कातडी म्हणजे कांद्याची साल, वीस मिनिटं दाबून धरलं तेव्हा रक्त थांबलं. सगळं झाल्यावर आप्पा त्याच हाताने त्याला थोपटत होते, "असू दे, लेकरू आहे."

हे "असू दे"च नडतंय.

(उडीद हे नाव काळा म्हणून ठेवलेलं, उड्या मारतो म्हणून नाही. आता कुणाला खरं वाटत नाही.)

शनिवार

मागच्या महिन्यात एक ट्रेनर येऊन गेले होते, ते म्हणाले उडी मारली की छातीत गुडघा घाला नाहीतर मागच्या पंजावर पाय द्या, दोन दिवसात विसरेल. मी एकदाच गुडघा वर केला, उडीदला वाटलं काहीतरी नवीन खेळ आहे, तो दुप्पट जोरात आला. आणि आप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच कुणाला चावलेय. तो विषय तिथेच संपला.

मग थोडं वाचलं, व्हेटशी बोलले. कुत्र्याची पिल्लं आईचं तोंड चाटतात, लांडग्यांमध्ये तर पिल्लांनी असं चाटलं की बाहेरून आलेली आई पोटातलं अन्न ओकून देते. म्हणजे ह्याला आपल्या अंगावर यायचंच नसतं, ह्याला आपलं तोंड गाठायचं असतं, आणि आपलं तोंड नेमकं पाच फूट वर ठेवलंय. हे कळल्यावर माझा निम्मा राग गेला. राहिलेला निम्मा माझ्या फाटलेल्या तीन ओढण्यांसाठी आहे.

तर उपाय असा की उडी मारली की पाठ फिरवायची, हाताची घडी, बघायचं नाही, बोलायचं नाही, हात लावायचा नाही. ओरडणंही नाही कारण त्याच्या दृष्टीने ओरडणं म्हणजे पण गप्पाच. चारही पाय जमिनीवर टेकले की लगेच खाऊ, आणि तो वरून दाखवायचा नाही, खाली जमिनीवर ठेवायचा, म्हणजे नजर खालीच राहते. आप्पा माळकरी, चिकनचं नावसुद्धा काढायचं नाही घरात, म्हणून पनीरचे वाटाण्याएवढे तुकडे. दाराजवळ डबीच ठेवलीये.

बाहेरचं कुणी येणार असेल तर तोपर्यंत पट्ट्याला बांधून ठेवायचा, म्हणजे चुकून उडी जमूनच जाणार नाही.

मंगळवार

सत्यानाश. चौथा दिवस आणि आधीपेक्षा वाईट. पाठ फिरवली तर पाठीवर उडी, ओढणी ओढणं, वर तोंडाशी येऊन भुंकणं. मी रडायच्या बेताला आले. व्हेटला फोन केला तर ते हसून म्हणाले छान चाललंय. लिफ्ट आली नाही तर तुम्ही बटण सोडून देता की आधी दहा वेळा दाबता? तो आत्ता बटण दाबतोय. आत्ता तुम्ही वैतागून त्याच्याकडे बघितलंत तर तो शिकेल की लिफ्ट अकराव्या वेळेला येते.

आणि आमच्याकडे ही अकरावी वेळ रोज संध्याकाळी साडेसातला येते, तुळशीची माळ घालून.

आज बोलले मी आप्पांना, जरा चढ्या आवाजातच, की मी दिवसभर पाठ फिरवायची आणि तुम्ही आल्यावर त्याला कडेवर घ्यायचं, मग तो शिकणार कसा, आणि उद्या पडलात, हाड मोडलं तर? आप्पा काही बोलले नाहीत. चप्पल काढली, हातपाय धुतले. मग जेवताना, ताटाकडे बघत, "तू दार उघडलंस की विचारतेस लाईट बिल भरलं का. तो तसं काही विचारत नाही."

मी वाढत होते, वाढत राहिले. आई गेल्याला पुढच्या महिन्यात तीन वर्षं होतील. ती काय विचारायची दार उघडल्यावर ते आठवत बसलेय मघापासून, आणि आठवत नाहीये, बहुतेक तीही बिलाचंच विचारत असणार पण आवाज वेगळा असेल.

गुरुवार

आज भुंकण्याचा दिवस. सकाळी घंटागाडी, मग दूधवाला, मग समोरच्यांचं कुरियर, प्रत्येकाला सलामी. खालच्या काकूंनी जिन्यात विचारलं, "रात्री बरं नव्हतं का त्याला?" म्हणजे काय ते मला कळलं. मी "गप, गप बस" ओरडायचे तेव्हा तो मधेच माझ्याकडे बघून अजून चेव येऊन भुंकायचा, आता लक्षात आलं की त्याला वाटत होतं मी पण साथ देतेय.

आमची बेल ती जुनी चिमणीची. ती मोबाईलवर रेकॉर्ड केली आणि अगदी बारीक आवाजात वाजवायची, तो कान टवकारेल पण भुंकणार नाही इतपतच, चिव की लगेच पनीर. दिवसातून पाच-सहा वेळा, आवाज कणाकणाने वाढवत. पनीर नेहमी दारापासून लांब, जुन्या सतरंजीच्या तुकड्यावर. म्हणजे बेल वाजली की दाराकडे नाही, सतरंजीकडे पळायचं. गॅलरीतून खालच्या कुत्र्यांना शिव्या घालायचा त्यासाठी कठड्याला आईची जुनी नऊवारी बांधली, दिसत नाही तर निम्मं भुंकणं बंद.

अजून एक चूक कळली. दमला की शांत होईल म्हणून मी त्याला रोज जॉगिंग ट्रॅकवर पळवत होते, त्याने तो फक्त जास्त फिट झाला. आता हळू चालतो, त्याला हवं ते खांब, टायर, गवत हुंगू देते, एका झाडापाशी चार मिनिटं सुद्धा. घरी जुन्या टॉवेलात पोळीचे तुकडे गुंडाळून देते, शोधत बसतो, मग घोरतो.

भांड्यांच्या मावशींवर तो कधीच उडी मारत नाही हे मला इतक्या दिवसांत आज दिसलं. विचारलं, तुम्ही काय करता? "मी कुठं काय करते, मला पाच घरं असतात," म्हणाल्या.

रविवार

आप्पांना पाठ फिरवता येत नाही. दोनदा प्रयत्न केला, मान वळवून बघतातच. मग मला ते तोंडाचं आठवलं. तोंड वर आहे म्हणून उडी, तर तोंडच खाली आणलं तर? दाराबाहेर चपलांच्या रॅकशेजारी मोडकी बैठी खुर्ची होती ती आत घेतली, पाय ठोकून नीट केला. आता असं ठरलंय की आप्पा आले की आधी मी दार उघडते, उडीद सतरंजीवर, आप्पा काही न बोलता खुर्चीत बसतात, आणि तो बसला की मगच "ये".

आज संध्याकाळी पहिल्यांदा नीट जमलं. उडीद बसला म्हणजे कसा, बूड जमिनीपासून बोटभर वर, सगळं अंग थरथरतंय, शेपटीने फरशी झाडतोय, घशातून बारीक कुंई कुंई, पण बसला. आप्पा म्हणाले ये, तो गेला, दोन्ही गुडघ्यांच्या मधे डोकं घातलं आणि हनुवटी चाटली. मग आप्पा चप्पल काढता काढता त्याला सांगत होते, आज पखवाजवाला आला नव्हता, प्रसादाला शिरा होता, तुझ्यासाठी आणला नाही कारण त्यात बेदाणे.

दुपारी सिलिंडरवाल्या पोराच्या अंगावर गेला होता तो भाग वेगळा.

लाईट बिलाचं मी जेवताना विचारलं. भरलंय म्हणे, सोमवारीच.