भरतीच्या वेळेवर उरण

भाऊच्या धक्क्यावर पोचले तेव्हा सकाळचे साडेसात वाजले होते. उरणच्या मोरा बंदराला जाणारी लाँच समोरच उभी होती, माणसंही बसली होती, पण सुटायचं नाव नव्हतं. शेवटी एका खलाशाला विचारलं. तो दोरखंडाचं वेटोळं करत होता, मान वर न करता म्हणाला, "सुकती हाय ताई. तिकरं पानी चरला का सोरू."

सुकती म्हणजे ओहोटी. मोरा बंदरात गाळ फार साचतो, आणि समुद्र उतरला की लाँच धक्क्याला लागूच शकत नाही. म्हणजे लोकलचं वेळापत्रक पाठ असलेल्या मुंबईकराला इथे पंचांग बघून निघावं लागतं. दीड तास धक्क्यावर बसून काढला. मासळीची उतराई बघितली, दोन चहा झाले, आणि एका मांजराने माझ्या पिशवीवर हक्क सांगून झाला. शेजारच्या बाकावरचे आजोबा मात्र निवांत पेपर वाचत होते. ते उरणचेच, त्यांनी तिथी बघूनच सकाळचा हिशोब केला असणार.

उरणला मी याआधी एकदाही गेले नव्हते, हे सांगायला थोडी लाज वाटते. माझ्या ऑफिसातली मैत्रीण उरणजवळच्या केगावची. गेली नऊ वर्षं तिच्या डब्यातली तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी मी खात आलेय, आणि गेली नऊ वर्षं "एकदा ये ना" हे ऐकत आलेय. शेवटी डिसेंबरातला एक शनिवार-रविवार काढला. ती म्हणाली, "ट्रेनने ये, सोपं पडेल." मी म्हटलं, येताना लाँच, जाताना ट्रेन. हट्टच तो, पण त्या हट्टामुळे उरण कळलं.

कारण उरण म्हणजे मुळात बेट. नकाशावर आज ते रायगड जिल्ह्याच्या मुख्य भूमीला नीट चिकटलेलं दिसतं, पण हे चिकटणं अलीकडचं. जुन्या कागदपत्रांत त्याला कारंजा बेट म्हणतात. दोन टोकांना दोन टेकड्या, मध्ये सखल जमीन आणि मुख्य भूमीच्या बाजूला खाजण, चिखल, खाडीचे फाटे. भर, बांध, रस्ते, रेल्वे असं एकेक होत ते जमिनीला शिवलं गेलं. लाँचमधून येताना मात्र अजून बेटावरच चाललोय असं वाटतं. डावीकडे घारापुरीचा हिरवा डोंगर मागे पडतो. घारापुरी प्रशासनाच्या दृष्टीने उरण तालुक्यात येते, हे माझ्या ओळखीच्या एकाही मुंबईकराला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. गेटवेवरून जातो म्हणून आपण ती मुंबईची समजतो. १९८७ मध्ये तिथल्या लेण्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला, पण बेटावर चोवीस तास वीज यायला २०१८ उजाडलं, समुद्राखालून केबल टाकावी लागली. आणि पलीकडच्या किनाऱ्यावर, उरणमध्ये, वायूवर चालणारं वीजनिर्मिती केंद्र १९८० च्या दशकापासून उभं आहे.

मोऱ्याला उतरले. कोळीवाडा, सुकत घातलेले बोंबील, आणि पलीकडे नौदलाची हद्द सांगणाऱ्या पाट्या. मैत्रीण स्कूटर घेऊन आली होती. पहिलं वाक्य: "सांगितलं होतं ना, ट्रेनने ये."

गाव तसं लहान. कोटनाका ओलांडला की बाजारपेठ सुरू होते आणि बोलत बोलत चाललात तर संपतेही. जुन्या लाकडी माड्यांची घरं, मधेच चार मजली इमारत, मग पुन्हा कौलं. विमला तलावाभोवती सकाळचे फिरणारे आणि संध्याकाळचे बसणारे. देवळं आहेत, मशीद आहे, चर्च आहे, आणि एकेकाळी इथे पारशीही होते. ते इथे कशाला आले, तर दारू गाळायला. एकोणिसाव्या शतकात मुंबईला लागणाऱ्या देशी दारूच्या मोठ्या भट्ट्या उरणला होत्या, बहुतेक पारशांच्या मालकीच्या. मोहाची फुलं थेट गुजरातेतल्या पंचमहालातून यायची, इथे दारू व्हायची आणि बोटीने मुंबईला जायची. सरकारचा अबकारी महसूल बुडू नये म्हणून १८९२ मध्ये इंग्रजांनी ठाणे-कुलाब्यात मोहाच्या फुलांवरच बंधन घालणारा कायदा केला. झाडाखाली पडलेलं फूल उचलणं हाही संशयाचा विषय झाला. त्याचा फटका अर्थातच भट्टीवाल्यांना बसला नाही, डोंगरातल्या कातकरी-ठाकरांना बसला.

उरण मुंबईकडे तोंड करून बसलंय ते तेव्हापासून नाही, त्याच्याही आधीपासून. पोर्तुगीजांकडे हे बेट दोनशे वर्षं होतं. १७३९ मध्ये, वसईच्या मोहिमेच्याच वर्षी, मानाजी आंग्र्यांनी ते घेतलं. पण मराठ्यांकडे ते फार टिकलं नाही. १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टी, घारापुरी आणि कारंजा ही बेटं इंग्रजांकडे कायमची गेली. म्हणजे पेशवाई बुडायच्या छत्तीस वर्षं आधीच उरण कंपनी सरकारचं होतं, आणि खाडीपलीकडचा अलिबागचा मुलूख आंग्र्यांचा. मुंबईला जे लागतं पण जे स्वतःच्या दारात नको, ते उरणच्या परसात. आधी मीठ आणि दारू, मग दारूगोळा, मग तेल, मग कंटेनर.

दुपारचं जेवण केगावला. मैत्रिणीच्या आईने चिंबोऱ्यांचं कालवण केलं होतं. निवटेही होते, चिखलात उड्या मारणारे ते छोटे मासे. मी जरा बिचकले, आई म्हणाली, "खा, शेरातला मानूस निवटा खात नाय मन्नून त्याला खारी कलत नाय." 'खारी' म्हणजे खाडी हे माझ्या डोक्यात उजेड पडायला अर्धा मिनिट लागला. आगरी बोलीत 'ड' चा 'र' होतो, 'ळ' चा 'ल' होतो, आणि मी मनातल्या मनात भाषांतर करेपर्यंत पुढचा विनोद होऊन गेलेला असतो. निवटा चवदार लागला, हे प्रामाणिकपणे नोंदवते.

मैत्रिणीच्या वडिलांचं सगळं आयुष्य मिठागरात गेलं. ते आता नाहीत, पण आई त्यातलं सगळं सांगते. उधाणाच्या भरतीला उघाडीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, खारं पाणी आत घ्यायचं, मग ते एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत घट्ट होऊ द्यायचं, शेवटच्या वाफ्यात मिठाचा थर बसला की ओढायचं. दिवाळीनंतर बांध दुरुस्त करायचे आणि मेअखेर, पावसाच्या आत, मीठ उचलून रास झाकून टाकायची. आगर पिकवणारा तो आगरी. पायांना भेगा पडतात, डोळे उन्हाच्या चकाकीने जातात. "मीठ खाल्ला सगल्यांनी, पाय फुटला आमचा," असं त्या अगदी सहज, ताटात भात वाढता वाढता म्हणाल्या. ज्या आगरात त्यांचं लग्नानंतरचं आयुष्य गेलं तिथे आज भराव आहे, आणि भरावावर कंटेनर एकावर एक रचलेत.

संध्याकाळी डाऊरनगरच्या बाजूने द्रोणागिरी चढलो. वाट झाडीतून, थोडी निसरडी, पण घाबरण्यासारखी नाही. संजीवनीसाठी हनुमंत द्रोणागिरी नेत असताना त्याचा एक तुकडा इथे पडला, असं इथले लोक सांगतात. पायथ्याच्या कारंजाकडे देवीचंही नाव द्रोणागिरीच. वर तटाचे तुकडे, पाण्याचं टाकं आणि पोर्तुगीज चर्चचे अवशेष आहेत. चर्चच्या भिंतीतून उंबराची मुळं उतरलीत. तिथे बसून बघितलं तेव्हा उरणचा सगळा भूगोल एकदम उलगडला. पश्चिमेला समुद्र आणि धुरकट मुंबई. दक्षिणेला कारंजाची खाडी, पलीकडे रेवस. तरीच्या होडीतून काही मिनिटांत पलीकडे जाता येतं, रस्त्याने जायचं तर पेणवरून भलामोठा वळसा. खाडीवर पुलाचं काम चाललंय. पायथ्याशी ओएनजीसीचा प्रकल्प आणि त्याच्या चिमणीवरची न विझणारी ज्योत. १९७४ मध्ये मुंबई हायला तेल लागलं, समुद्राखालच्या नळांनी ते उरणला आणलं गेलं, आणि तेव्हापासून या गावाची रात्र नारिंगी आहे. दुसऱ्या अंगाला जेएनपीटीच्या क्रेन, रांगेने उभ्या असलेल्या जिराफांसारख्या. ते बंदर २६ मे १९८९ पासून चालू आहे आणि देशातल्या प्रमुख बंदरांतले जवळपास निम्मे कंटेनर तिथून जातात.

बंदराला जागा द्यायला शेवा गाव उठलं. तिथल्या कोळ्यांचं पुनर्वसन हनुमान कोळीवाड्यात झालं आणि त्या नव्या घरांना वाळवी लागली. दाराच्या चौकटी, वासे, कपाटं, सगळं पोखरलं. समुद्रकाठची माणसं समुद्रापासून उठवायची आणि वारुळाच्या जागी नेऊन बसवायची, याला काय म्हणावं!

दुसऱ्या दिवशी मैत्रिणीने स्कूटर जासईकडे घेतली. रस्ता म्हणजे ट्रेलरची अखंड रांग, त्यांच्या चाकांच्या उंचीला आपलं डोकं. करळ फाट्यापुढे जीव मुठीत धरून बसले होते. सिडको १९७० मध्ये स्थापन झाली, नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण या पट्ट्यातली ९५ गावं घेतली गेली. मोबदला तुटपुंजा होता. जासईचेच दि. बा. पाटील पुढे झाले आणि १६ व १७ जानेवारी १९८४ ला शेतकरी रस्त्यावर उतरले. दास्तान फाटा आणि पागोट्याला पोलिसांनी गोळीबार केला, पाच जण गेले. त्यातूनच पुढे विकसित जमिनीतला साडेबारा टक्के हिस्सा परत देण्याचं सूत्र आलं. आज नवी मुंबईत कुठल्याही सोसायटीत "ही साडेबाराची जागा" असं दलाल सहज म्हणतो, तेव्हा त्या टक्क्यांमागे काय आहे हे विकत घेणाऱ्याला ठाऊक नसतं. मी स्वतः तसा फ्लॅट बघून आलेय, म्हणून बोलते.

तिथून चिरनेर. इथे आलं की आवाज थांबतो. डोंगर, भातखाचरं, गणपतीचं जुनं देऊळ. २५ सप्टेंबर १९३० ला अक्कादेवीच्या माळावर जंगल सत्याग्रहासाठी आसपासच्या गावांचे आगरी, कोळी, कराडी, कातकरी कोयते घेऊन जमले होते. सरकारी जंगलातलं लाकूड तोडायचं, एवढाच कायदेभंग. गोळीबारात आठ सत्याग्रही मेले, त्यात नाग्या महादू कातकरीही होता. जमावाला शांत करायला आलेले मामलेदार जोशीही त्याच गोळीबारात गेले. मोहाच्या फुलांचा कायदा आणि हे जंगल, दोन्हीमध्ये चाळीस वर्षांहून कमी अंतर आहे.

लोकसंख्येचं विचारलंत तर आकडा अगदी साधा: शेवटच्या, म्हणजे २०११ च्या जनगणनेत उरण नगरपरिषदेच्या हद्दीत तीस हजारांहून थोडी जास्त माणसं होती, २००१ मध्ये तेवीस हजारांच्या पुढे. तालुक्याची दीड लाखाच्या वर. पण बाजारात तासभर उभं राहून मला हा आकडा पटेना. ट्रेलरचे चालक, गोदामातले हमाल, चहाची टपरी टाकून बसलेले उत्तर प्रदेश-बिहारचे लोक नगरपरिषदेच्या कुठल्या रकान्यात बसतात? आणि ज्याला सिडको 'द्रोणागिरी नोड' म्हणते, त्या उंच इमारती गावाच्या नजरेसमोर असल्या तरी नगरपरिषदेत नाहीत. डोंगराचं नाव असं सेक्टरला चिकटवलेलं बघून मला जरा गंमत वाटली, जरा राग आला. मैत्रीण म्हणाली, "नाव तरी ठेवलंय, ते काय कमी?"

संध्याकाळी उरण स्टेशन. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतू आणि खारकोपरपासून पुढची ही रेल्वे, दोन्हींचं उद्घाटन एकाच दिवशी झालं. पूल मात्र इथल्या कोळणीच्या टोपलीसाठी नाही, त्यावर दुचाकीही चालत नाही. रेल्वे सगळ्यांची. डब्यात माझ्यासमोर दोन कोळणी टोपल्या पायाशी घेऊन बसल्या होत्या आणि शेजारचा मुलगा हेडफोन लावून परीक्षेचं पुस्तक वाचत होता. न्हावाशेवा मागे पडलं, अंधारात खाजणाचं पाणी आणि कंटेनर यार्डाचे दिवे आलटून पालटून दिसत राहिले. पाऊण तासाने मी नेरुळला उतरले, अगदी वेळेवर.

प्लॅटफॉर्मवरच फोन वाजला. मैत्रिणीची आई.

"पोचलास का? पानी होता का मोऱ्याला?"

"काकू, मी ट्रेनने आले."

"हां हां," त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून, "आज पानी होता पन. लाँच मिलली असती."