रात्री दोनच्या पहाऱ्याला

"ऐकायला कुणी नसतं, तर रात्री दोन वाजता वीणा घेऊन उभं कशाला राहायचं?" दर चैत्रात, गावचा हरिनाम सप्ताह आला की, हा प्रश्न मला कुणी ना कुणी विचारतं. पुण्याहून येणारी भाचेमंडळी विचारतात, माझ्या शाळेतल्या जुन्या सहकारी बाई विचारतात. गेल्या वर्षी शेजारच्या घरी आलेल्या जावयांनी विचारलं आणि पुढे म्हणाले, "मोबाईलवर नाम लावून ठेवलं तर? तेही अखंडच होईल की." चेष्टा नव्हती, त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं. माझ्या हातात आमटीची बादली, पंगत बसलेली. तेव्हा नीट सांगता आलं नाही. आता तुम्हीही तेच विचारलंत म्हणून बसून सांगते.

आमच्या गावचा अखंड हरिनाम सप्ताह मारुतीच्या देवळात होतो. चैत्र शुद्ध अष्टमीला सकाळी बसतो आणि हनुमान जयंतीला काल्याच्या कीर्तनानं उठतो. मध्ये एखाद्या तिथीचा क्षय आला तर आम्ही एक दिवस आधी बसवतो, पण सात दिवस पुरे करतो. रब्बीची काढणी उरकलेली असते, घरात धान्य आलेलं असतं, म्हणून आमच्याकडे हा काळ सोयीचा. कुठे तुकाराम बीजेला सप्ताह असतो, कुठे गोकुळाष्टमीला, कुठे कार्तिकात. तिथी वेगळी, दिनक्रम थोड्याफार फरकानं तोच. पहाटे काकडा, सकाळी ज्ञानेश्वरीचं पारायण, दुपारी गाथ्यावरचं भजन, मग प्रवचन, तिन्हीसांजेला हरिपाठ, रात्री कीर्तन आणि त्यानंतर जागर. गावाबाहेरचा माणूस यातलं कीर्तन पाहतो. मांडव भरलेला, मागे टाळकऱ्यांची रांग, पखवाजाच्या धुम्याला ताजी कणीक लावलेली. तो भाग सगळ्यांना माहीत आहे, म्हणून मी त्यावर थांबत नाही.

या सगळ्याच्या खालून एक गोष्ट चालू असते, ती म्हणजे वीणेचा पहारा. सप्ताह बसला की वीणा गळ्यात घेतलेला एक माणूस देवासमोर उभा राहतो आणि काला होईपर्यंत ती वीणा जमिनीला टेकत नाही. पारायण चालू असो, पंगत बसलेली असो, मांडवात वीज गेलेली असो, कुणीतरी उभं असतं. सात दिवसांचे १६८ तास होतात. आमचा पहारा दोन तासांचा, म्हणजे ८४ पहारे. आमच्या जुन्या माणसांना हा आकडा फार आवडायचा. चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा सात दिवसांत उरकतो, असं ती म्हणायची.

या ८४ पहाऱ्यांची एक वही आहे. आधी ती माझ्या सासऱ्यांकडे होती, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. त्यांची नजर गेल्यावर ते नावं सांगायचे आणि मी लिहायचे. ते गेल्यावर वही माझ्याकडेच राहिली, कुणी मुद्दाम दिली नाही आणि कुणी मागितलीही नाही. दर पानावर एक दिवस, बारा ओळी, प्रत्येक ओळीत एक विणेकरी आणि सोबतीला एक टाळकरी. सकाळच्या आणि संध्याकाळच्या ओळी एका बैठकीत भरतात. बारा ते दोन आणि दोन ते चार या दोन ओळींसाठी मात्र मला घरोघर जावं लागतं.

पहारा घेतला नसेल त्यांच्यासाठी सांगते. वीणा दिसते तेवढी हलकी नाही. पहिला अर्धा तास काही वाटत नाही. मग गळ्यातला पट्टा मानेला जाणवायला लागतो, मग टाचा. एका हाताचं बोट तारेवर, दुसऱ्या हातात चिपळ्या, तोंडानं "रामकृष्ण हरी". कीर्तनात जी लय अंगात चढते ती रात्री उपयोगाची नाही. रात्री नाम हळू घ्यावं लागतं, श्वासाच्या मापानं, नाहीतर तासाभरात घसा बसतो. सोबतचा टाळकरी खांबाला टेकून पेंगतो. समईची वात पुढे सारायची तर ती त्यानं उठून सारायची, विणेकऱ्यानं जागा सोडायची नाही. विणेकऱ्याला देहधर्मासाठी जायचं असेल तर टाळकऱ्याला उठवून वीणा त्याच्या गळ्यात घालायची आणि मग जायचं. नियम एवढाच.

पूर्वी रात्रभर भोंगा चालू असायचा. नाम सगळ्या शिवारात जायचं आणि पहारेकऱ्याला आपण गावासाठी म्हणतोय असं वाटायचं. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आले, रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा बंद ठेवायचा असं त्यात आहे. आमच्याकडे ते पाळायला काही वर्षं लागली. पहिल्यांदा बंद झाला तेव्हा बरीच कुरबूर झाली, सप्ताहाची कळाच गेली असं लोक म्हणाले. मला उलटं वाटलं आणि आजही वाटतं. दवाखान्यातून घरी आणलेल्या माणसाला, तान्ह्या बाळाला, परीक्षेच्या पोराला जागं ठेवून घेतलेलं नाम माझ्या मनाला पटत नव्हतं. भोंगा बंद झाला आणि तुमचा प्रश्न जन्माला आला हे मात्र खरं. कारण आता रात्री दोन वाजता खरोखरच कुणी ऐकत नाही.

आता उत्तर. मला ते कुणा महाराजांकडून मिळालं नाही, आमच्या आळीतल्या शिंपीकाम करणाऱ्या एका काकांकडून मिळालं.

त्यांचा पहारा रात्री बारा ते दोनचा होता. दोनला ज्यांनी यायचं, त्यांची आई त्याच रात्री अकराच्या सुमाराला गेली. घरात रडारड, सुतक लागलेलं, देवळात निरोप धाडायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. मी चारला काकड्याची तयारी करायला गेले तर काका उभेच. वय साठीच्या पुढे. पाय सुजून टम्म झालेले. सोबतीचा मुलगा पंधरा-सोळा वर्षांचा, घोंगडीवर गाढ झोपलेला. मी म्हटलं, "काका, त्याला तरी उठवायचं." ते म्हणाले, "दहावीचे पेपर देऊन आलंय पोरगं, झोपू दे." मग मी जरा चिडूनच म्हटलं, "नाहीतर पाच मिनिटं वीणा खाली ठेवून टेकायचं होतं, कोण बघत होतं?" ते म्हणाले, "ठेवता आली असती. पण मग येणाऱ्यानं घ्यायची कुणाकडून? जमिनीकडून?"

त्या वर्षापासून मी वहीत तिसरा रकाना आखला, राखीव माणसाचा. पण काकांचं ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. पहारा बदलताना काय होतं ते मी तोवर शेकडो वेळा पाहिलं होतं, पण नीट बघितलं नव्हतं. नवा माणूस येतो, आधी देवाला आणि मग वीणा घेतलेल्याला वाकून नमस्कार करतो. उभा असलेलाही वाकतो. मग पट्टा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जातो. त्या क्षणी दोघांची बोटं तारेवर असतात आणि दोघांच्या तोंडी नाम असतं. एकाचं थांबायच्या आधी दुसऱ्याचं सुरू झालेलं असतं. अखंड अखंड म्हणतात ते तिथे तयार होतं. एकटा माणूस १६८ तास उभा राहू शकत नाही. सप्ताह अखंड असतो तो ८३ ठिकाणी जोडलेला असतो म्हणून. मोबाईलवर नाम लावलं तर आवाज तुटणार नाही, हे मला मान्य आहे. पण तिथे कुणाला कुणाकडून काही घ्यावं लागत नाही.

म्हणून दोन वाजता उभा असलेला माणूस कुणाला ऐकवायला उभा नसतो. तो चार वाजता येणाऱ्यासाठी उभा असतो. आणि तो येणारा अंथरुणातून उठतो, गार पाण्यानं आंघोळ करतो, तो देवळात आपली वाट पाहत कुणीतरी उभं आहे म्हणून.

अण्णांना हे पुरतं ठाऊक असणार. वही माझ्या हाती आल्यावर मी जुनी पानं चाळली तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. गावात दोन सख्खे भाऊ होते, बांधावरून कोर्टात गेलेले, एकमेकांच्या दारात पाय न ठेवणारे. अण्णांनी त्यांचे पहारे सलग पाच वर्षं एकापाठोपाठ लावलेले होते. धाकट्यानं वीणा घ्यायची ती थोरल्याच्या पाया पडून, आणि थोरल्यानंही वाकायचं, कारण वारकऱ्यांत नमस्कार एकतर्फी नसतो. दोघांपैकी कुणीही पहारा बदलून मागितला नाही. मी याला समेट म्हणणार नाही. खटला पुढेही चालला, बांध आजही वाकडा आहे. पण वर्षातून एकदा त्या दोघांची डोकी एकमेकांच्या पायांशी येत होती, एवढं वहीवरून दिसतं.

त्याच वहीत न दिसणारंही बरंच आहे. सगळ्यात जुन्या पानांवर गावातल्या एका वस्तीचं एकही आडनाव नाही. एकमेकांच्या पाया पडणारा संप्रदाय म्हणून आम्ही अभिमानानं सांगतो, आणि पंढरपूरच्या विठ्ठलाचं देऊळ दलितांना उघडं व्हावं म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषणाला बसावं लागलं. चोखोबांचे अभंग तोवर शतकानुशतकं गायले जातच होते. आमच्या वहीत त्या वस्तीतलं पहिलं नाव यायला त्यानंतरही पुष्कळ वर्षं गेली. मी ते पान मुद्दाम नातवंडांना दाखवते, त्याच्या आधीचीही दाखवते.

बायकांचं नाव आलं ते दुपारच्या बारा ते दोनला. पुरुष शेतावर, ऊन रणरणतंय, माणूस मिळेना, म्हणून आलं. कुणी मोठा विचार केला होता असं नाही. मुक्ताबाई, जनाबाई, बहिणाबाई रोज ओठांवर असलेल्या देवळात वीणा मात्र अडचणीमुळे आमच्या हाती आली. मग हळूहळू बाया संध्याकाळच्या पहाऱ्याला आल्या, आणि मी स्वतः पहिल्यांदा रात्री दोनला उभी राहिले ते वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. महिन्याच्या अडचणीचं काय, असं तेव्हा एकानं विचारलं होतं. मी म्हटलं, ज्याचं त्यानं आपल्या मनाशी ठरवावं, वहीत तो रकाना नाही. अजूनही नाही.

त्या पहिल्या रात्रीचं थोडं सांगते. मला वाटत होतं भीती वाटेल किंवा फार काही अनुभव येईल. दोन्ही झालं नाही. पहिला तास माझं लक्ष घड्याळाकडे होतं. मग केव्हातरी सुटलं. नाम मी म्हणते आहे असं वाटायचं थांबलं, ते आधीपासून चालू होतं आणि मी त्याच्याखाली खांदा दिला आहे असं वाटू लागलं. आणि ते खरंच तसं होतं. माझ्या आधीच्या बाईनं ते माझ्या गळ्यात घातलं होतं, तिच्या आधी कुणी तिच्या. चारला वीणा गळ्यातून निघाली तेव्हा मान मोकळी झाली आणि हात मात्र रिकामे वाटले. घरी आल्यावर मी चहा ठेवला आणि उजाडेपर्यंत ओट्यापाशीच उभी होते, बसायचं सुचलं नाही.

काहीजण विचारतात की हल्लीची पोरं या पहाऱ्याला येतात का. येतात. आळंदीला विष्णुबुवा जोग महाराजांनी १९१७ साली वारकरी शिक्षण संस्था काढली, तिथे आणि तशा इतर संस्थांमध्ये शिकणारी मुलं सप्ताहाला टाळकरी, पखवाजवाले म्हणून येतात. त्यांचं पाठांतर आमच्यापेक्षा कितीतरी पक्कं असतं. पण पहाऱ्याला मी शक्यतो गावातलंच माणूस घेते. गेल्या काही वर्षांत वर्गणीचा मोठा भाग नामांकित कीर्तनकारांच्या मानधनात आणि मांडवाच्या रोषणाईत जातो, आणि बैठकीत पहाऱ्याचा विषय शेवटी, लोक उठायला लागल्यावर निघतो. मला हे आवडत नाही आणि मी ते बैठकीत बोलते. कीर्तनकारांना तारीख जमली नाही तर दुसरे येतील. पंगत एखाद्या दिवशी साध्या भाकरी-आमटीवर भागेल, आणि पूर्वी तशीच भागायची, घरोघरच्या भाकऱ्या गोळा करून. रात्री दोनला माणूस आला नाही तर मात्र दुसरं काहीच त्याच्या जागी बसवता येत नाही.

ज्ञानेश्वरीच्या पारायणालाही शेवटी याच वीणेचा आधार लागतो. अठरा अध्याय सात दिवसांत बसवायचे तर ते सारखे वाटता येत नाहीत. बारावा अध्याय अडीचशे ओव्यांच्या आत आटोपतो आणि अठरावा एकटाच १,८०० ओव्यांच्या पुढे जातो. शेवटच्या दिवसांत व्यासपीठावरचे लोक दमतात, आवाज विस्कळीत होतात. तेव्हा मागे उभ्या असलेल्या वीणेची तार ऐकू येते आणि वाचणारे पुन्हा एका सुरात येतात. मी स्वतः वाचायला बसलेली असताना हे अनुभवलं आहे.

काल्याच्या दिवशी दहीहंडी फुटते, लाह्या-पोहे-दह्याचा काला सगळ्यांच्या हातावर पडतो, माणसं एकमेकांना बुक्का लावतात, आणि त्या गडबडीत शेवटचा विणेकरी गळ्यातली वीणा काढतो. ती देण्यासाठी पुढे कुणी नसतं. तो तिला देवाच्या पायांशी लावतो, कुणीतरी तारा सैल करतं आणि वीणा भिंतीवरच्या खुंटीला जाते. या वेळी बहुतेक लोक प्रसादाच्या रांगेत असतात. मी रांगेत नसते. हे मला दरवर्षी बघायचं असतं.

गेल्या वर्षीच्या त्या जावयांना मी हे सगळं लिहून पाठवणार आहे. त्यांनी विचारलं होतं, पुढल्या वर्षी आलो तर मला उभं राहता येईल का. वीणा कशी धरायची ते पहारा देणारा माणूस दाखवतो, येतं लगेच. यंदा चौथ्या आणि सहाव्या रात्री दोन ते चारची ओळ अजून रिकामी आहे. वही माझ्याकडेच आहे, देवळामागचं तिसरं घर.