तीर्थनला गरवायला गेलो, दहा वर्षांनी

मी मूळचा चिपळूणचा, त्यामुळे वाशिष्ठीच्या काठावर गरी टाकून बसणं हा आमच्याकडे छंद वगैरे नव्हता, रविवारी दुसरं काम नसलं की काकाबरोबर गरवायला जायचं एवढंच. फ्लाय फिशिंग हे प्रकरण फार उशिरा कळलं. आपण शिशाचा गोळा लावून गरी फेकतो, इथे वजन दोरीलाच असतं आणि गळावर पिसं नि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी, ती पाण्यावर अशी अलगद टेकवायची की ट्राउटला, म्हणजे थंड पाण्यातल्या त्या माशाला, खरी वाटली पाहिजे. पहिल्या दिवशी माझी माशी माझ्याच टोपीत अडकली होती, ते असो.

हे सगळं २०१४ च्या ऑक्टोबरात, हिमाचलात तीर्थन नदीवर. त्याच वर्षी वरच्या ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कला युनेस्कोचा जागतिक वारशाचा दर्जा मिळाला होता, गर्दी अजून पोचायची होती. नागिणी गावाच्या खालच्या एका डोहात मला वीतभर ब्राउन ट्राउट लागला. हात ओला करून धरला, अंगावर लाल ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याभोवती फिकट कडं, कुणी बसून रंगवल्यासारखं. सोडून दिला. त्या एका माशाच्या जिवावर मी दहा वर्षं मित्रांना पकवलंय.

तर २०२४ च्या ऑक्टोबरात परत गेलो. दिल्लीहून रात्रीची व्होल्वो, पहाटे औटला बोगद्याच्या तोंडाशी उतरवतात, कुडकुडत उभं राहायचं, मग टॅक्सीने लारजी, बंजार आणि पुढे गुशैणी. वाटेत पहिली गोष्ट डोळ्यात भरली ती म्हणजे बोर्ड. ट्राउट कॅफे, ट्राउट होमस्टे, फ्रेश ट्राउट, एका टपरीवर तर ट्राउट मोमो. म्हटलं वा, नदी जोरात दिसतेय!

तीन दिवसांचं परमिट काढलं. बरोबरचा गाईड गावातलाच, पन्नाशीचा, माणूस कमी बोलणारा. पहिला दिवस काहीच नाही. दुसऱ्या दिवशी माझा तो जुना डोह शोधत गेलो तर डोहच नाही, जुलै २०२३ च्या पुरात भरून गेलाय, वर नुसते गोटे आणि त्यात अडकलेला एक वाकडा पत्रा. मी म्हटलं पुराने वाट लावली म्हणजे. गाईड म्हणाला, "पूर तो पहले भी आते थे सर जी," आणि हनुवटीनेच वर दाखवलं. वर रस्त्याचं काम चालू होतं, जेसीबी डोंगर खरवडून माती सरळ खाली लोटत होता.

मग त्याने पाण्यातला एक दगड उचलून उलटा करून दाखवला. दगडाच्या पोटाला वाळूचे कण चिकटवून केलेली इवलीशी नळी होती, एका अळीचं घर, ट्राउटचं खाणं ते हेच. नळी रिकामी होती आणि दगडाखाली खडीच्या फटी पिठासारख्या गाळाने बुजलेल्या. ट्राउट थंडीच्या तोंडाशी याच खडीत अंडी घालतो, फटींतून गार पाणी खेळत राहिलं तर ती जगतात, गाळ बसला की गुदमरतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मासेमारी बंद ठेवतात ती यासाठीच, पण जेसीबीला कुठला आलाय बंद सीझन. त्यात रात्री मासे मारायला कोणीतरी पाण्यात ब्लीचिंग पावडर टाकतं, विजेचा करंट सोडतं, हे गाईडने चहा पिताना दबक्या आवाजात सांगितलं.

वाईट याचं वाटतं की ही नदी एकदा वाचवलेली आहे. माजी आमदार दिलेराम शबाब आणि इथल्या लोकांनी भांडून तीर्थनवरचे वीजप्रकल्प थांबवले, म्हणून तर लारजीला धरणाचं पाणी साचून पडलेलं दिसतं आणि इथे नदी अजून वाहते. धरणाशी लढता तरी येतं, समोर एक कंपनी असते. होमस्टेच्या सांडपाण्याशी, रस्त्याच्या मातीशी कोण लढणार, त्या होमस्टेत तर मीच राहतोय ना.

आणि ट्राउट तरी कुठे इथला, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी स्वतःच्या शौकासाठी कुल्लूच्या पाण्यात आणून सोडलेला मासा. हे सगळं कळतं हो, तरी तो डोह बघून पोटात कालवलंच.

तिसऱ्या दिवशी गुशैणीच्या वर, पार्कच्या बाजूला चालत गेलो. संध्याकाळी एक लागला, बोटाएवढा. ठिपके होते. गाईडने न बोलता माझ्या हातातल्या माशाच्या तोंडातून गळ सोडवला आणि दोघं तो पोहत गेला तिकडे बघत बसलो.

रात्री होमस्टेच्या दीदींनी विचारलं, ट्राउट बनवू का, मेन्यूत आहे. नदीचा का विचारलं तर हसल्या, फार्ममधला, रेनबो जातीचा, नदीत आता कुठे मिळतो भैय्या. म्हटलं सिड्डूच द्या, इकडचा तो वाफवलेला, आत सारण भरलेला पाव, तूप जास्त.