शनिवारची लायब्ररी, नोंद ४: व्याधाचा जोडीदार आणि माझे २९ सूर्य

मागच्या नोंदीत छातीठोकपणे लिहिलं होतं की उन्हाळ्याच्या आत तीन पुस्तकं उडवतो. एकही संपलेलं नाहीये. पण त्यातल्या एकाचा एक चॅप्टर इतका कुटलाय की झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन, आणि मधे एक भलीमोठी चूकही करून झालीये, त्यामुळे ही नोंद जरा लांबणारे, चहा घेऊन बसा.

नवीन आलेल्यांसाठी एका दमात सांगतो. राहतो पुण्यात, नोकरी चाकणला मशीन शॉपमध्ये, फिजिक्सशी संबंध इंजिनिअरिंगच्या फर्स्ट इयरला सुटला तो सुटलाच, टेलिस्कोप आठ इंची डॉब (साध्या लाकडी बैठकीवरचा आरशाचा टेलिस्कोप). एका रिसर्च इन्स्टिट्यूटच्या लायब्ररीत शनिवारी बसून वाचायची परवानगी मिळालीये. पुस्तक घरी न्यायचं नाही, बॅग बाहेरच्या रॅकवर, आत फक्त वही, पेन्सिल आणि कॅल्क्युलेटर. सुरुवातीला हे सगळं जाचक वाटायचं, आता वाटतं बरंच आहे, कारण घरी आणलं असतं तर टीपॉयवरच राहिलं असतं.

तर झालं असं, की फेब्रुवारीत अमावस्येच्या आसपास आम्ही चौघं वेल्ह्याच्या पुढे गेलो होतो आणि मी हट्टच धरला होता की यंदा व्याधाचा जोडीदार, म्हणजे सिरियस बी, बघायचाच. तसं आपल्याकडून व्याध चांगला ५५ अंशांवर चढतो, इंग्लंडातल्यांना तो जेमतेम २०-२१ अंशांवर मिळतो, आणि जोडीदारही सध्या ११ आर्कसेकंदांच्या (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) आसपास लांब आहे, म्हणजे ५० वर्षांच्या फेरीतला त्यातल्या त्यात बरा काळ. तयारी म्हणून आधी राजन्यचा (मृगातला ठळक तारा, रायजेल) जोडीदार पकडला, तो साडेनऊ आर्कसेकंदांवर आहे तरी व्यवस्थित दिसला, टाचणीच्या टोकाएवढा. मग वळलो व्याधाकडे. तिथे अंतर जास्त असूनही प्रश्न उजेडाचा आहे, व्याध वजा १.४६ मॅग्निट्यूडचा (तेजाचं माप, आकडा जितका लहान तितका तारा ठळक) आणि हा पठ्ठ्या साधारण ८.४ चा, म्हणजे उजेडात नऊ हजार पटींचा फरक. आयपीसमध्ये नुसता लखलखाट, हवा थरथरतेय, दव पडायला लागलंय. दीड तास डोळे फोडून घेतले. शेवटी मित्र म्हणाला, "अरे दिसला नाही तर नाही, पण तो आहे काय हे तरी नीट माहितीये का तुला?"

मी तोंड उघडलं, श्वेतबटू (म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्याचा उरलेला दाट गाभा), पृथ्वीएवढा आकार, सूर्याएवढं वजन, हे सगळं सुपरफास्ट म्हणून टाकलं. तो म्हणाला, "मग दबून बसत कसा नाही?" इथे माझी गाडी थांबली. इलेक्ट्रॉन डीजनरसी प्रेशर हे तीन शब्द माहीत होते, त्यांच्या मागे काय ते नव्हतं. युट्यूबवरून आणि पॉप्युलर सायन्सच्या पुस्तकांतून आपल्याला शब्द भरपूर मिळतात हो, हात लावायला काही मिळत नाही.

पुढच्याच शनिवारी लायब्ररीत. आमच्याकडे ड्यूईचे नंबर (पुस्तकं विषयवार लावायची पद्धत) आहेत, ५२३ पासून पुढे आकाशातली मंडळी आणि ५३० ला फिजिक्स, आणि मधे एक पॅसेज आहे ज्यात ट्यूबलाइट कायम फडफडते. माझी अडचण अशी की व्याधाच्या जोडीदाराचं उत्तर दोन्हीकडे अर्धं अर्धं ठेवलेलं आहे, अर्धा दिवस ५२३.८ ला आणि अर्धा दिवस ५३० च्या क्वांटमच्या कप्प्यापुढे. काउंटरवरच्या काकांनी मला ये-जा करताना बघून विचारलंच, "साहेब, सापडत नाही का काही?" म्हटलं, "सापडतंय, कळत नाहीये." ते म्हणाले, "मग बरोबर ठिकाणी आलात."

पुस्तकांबद्दल आता, कारण इथे बरेच जण तेच विचारतात.

चंद्रशेखर यांचं स्टेलर स्ट्रक्चरवरचं १९३९ चं पुस्तक (आमच्याकडे डोव्हरची नंतरची आवृत्ती आहे) पहिल्या पानापासून वाचायला घेऊ नका. मी घेतलं होतं, मागच्या वर्षी, आणि तीन शनिवार थर्मोडायनॅमिक्सच्या नियमांतच गेले, तारा कुठे दिसायला तयार नाही. श्वेतबटू येतो थेट अकराव्या चॅप्टरमध्ये. आधी शापिरो आणि ट्यूकोल्स्की यांचं १९८३ चं, ब्लॅक होल्स-व्हाइट ड्वार्फ्स-न्यूट्रॉन स्टार्सवालं, त्यातला युक्तिवाद समजून घ्यायचा आणि मग चंद्रशेखरांकडे बारीक हिशोबाला जायचं. आणि हे दोन्ही उघडायच्या आधी बायझरचं मॉडर्न फिजिक्स, हो तेच कॉलेजवालं, त्यात स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्सच्या चॅप्टरच्या शेवटाकडे मरणाऱ्या ताऱ्यांवर छोटासा भाग आहे जो कॉलेजात परीक्षेला नाही म्हणून आपण सगळ्यांनी सोडलेला असतो. पद्मनाभनांचे थिऑरेटिकल ॲस्ट्रोफिजिक्सचे तीन खंड काढून बघितले, दुसरा खंड ताऱ्यांचा, दहा मिनिटांत परत ठेवला, अजून वेळ आहे. मिस्नर-थॉर्न-व्हीलर, गुरुत्वाकर्षणावरचा जाडजूड ग्रंथ, फक्त उचलून बघितलं, बाराशेच्या वर पानं आहेत, व्यायाम झाला.

पहिला हिशोब घनतेचा केला. सिरियस बीचं वस्तुमान सूर्याच्या १.०२ पट आणि त्रिज्या सूर्याच्या ०.००८४ पट. सूर्याची सरासरी घनता १.४१, तिला १.०२ ने गुणा आणि ०.००८४ च्या घनाने भागा. उत्तर येतं साधारण २४ लाख ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. चहाच्या चमच्यात बारा टन. हे वाक्य मी आधी शंभरदा वाचलेलं आहे, पण कॅल्क्युलेटरवर स्वतः दाबून बारा टन आल्यावर मी खरंच इकडेतिकडे बघितलं, की कोणी बघतंय का. आमच्या शॉपमधली क्रेन दहा टनांची आहे.

मग खरी मजा. एवढ्या दाटीत इलेक्ट्रॉनांना जागा किती उरली ते काढायचं, आणि पाउलीच्या नियमाने एका जागेवर दोघांच्या वर बसता येत नाही (पुणे-मुंबई पॅसेंजरमध्ये हा नियम चालत नाही, असो) म्हणून बाकीच्यांना वरच्या वरच्या मोमेंटमच्या (संवेगाच्या) पातळ्यांवर जावं लागतं. सगळ्यात वरच्याचा मोमेंटम काढला तर तो इलेक्ट्रॉनचं वस्तुमान गुणिले प्रकाशाचा वेग याच्या १.०७ पट आला. म्हणजे वेग प्रकाशाच्या ७३ टक्के! आणि हे तापमानामुळे नाही, तारा थंड पडला तरी हे असेच धावणार, निव्वळ दाटीमुळे. तोच तो प्रेशर. मित्राला त्याच रात्री फोन करून सांगितलं, तो म्हणाला, "कोण दबत नाही? कुठला विषय?" विसरला होता.

आता हा ७३ टक्के आकडा बघितला की लक्षात येतं की साधं न्यूटनचं गणित इथे पुरणार नाही, रिलेटिव्हिटी आणावीच लागणार. आर. एच. फाउलर यांनी १९२६ मध्ये दाबाचं मूळ उत्तर दिलं होतं पण रिलेटिव्हिटी न घेता. १९ वर्षांचे चंद्रशेखर जुलै १९३० च्या शेवटी मुंबईहून बोटीने इंग्लंडला निघाले आणि त्या प्रवासात त्यांनी नेमकं हेच धरलं. त्यांचा पेपर १९३१ च्या ॲस्ट्रोफिजिकल जर्नलमध्ये आला, खंड ७४, पान ८१. तळघरात जुने बांधीव खंड आहेत, काकांकडून चावी घेऊन गेलो. शिडीवर चढून काढला, पुठ्ठ्याचा भुगा हाताला लागला. पान ८१ उघडलं आणि उलटलं, तर ८२ वर पेपर संपला. दोन पानं! आणि श्वेतबटू जास्तीत जास्त किती वजनाचा असू शकतो (हीच चंद्रशेखर मर्यादा) तो आकडा बघितला तर ०.९१ सूर्य. माझ्या डोक्यात १.४४ पक्कं बसलेलं, वाटलं चुकीचा पेपर काढला की काय. नंतर कळलं, तेव्हा त्यांनी एका इलेक्ट्रॉनमागे २.५ न्यूक्लिऑन (प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून) धरले होते, आता आपण २ धरतो, आणि मर्यादा त्या आकड्याच्या वर्गाने बदलते. ०.९१ ला २.५ च्या वर्गाने गुणा, २ च्या वर्गाने भागा, १.४२ येतं. शिडीच्या पायरीवर बसून केलेला हा हिशोब मला सगळ्यात आवडला. तेव्हाचे बडे ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन यांनी जानेवारी १९३५ मध्ये भर सभेत या कल्पनेची खिल्ली उडवली वगैरे कथा तुम्हाला माहीत आहेच, ती परत सांगत नाही.

आता माझा घोळ. लँडाऊ यांचा १९३२ चा एक सोपा युक्तिवाद शापिरो-ट्यूकोल्स्कीमध्ये आहे. वेगवान इलेक्ट्रॉनांची ऊर्जा त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात, गुरुत्वाचीही त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात, म्हणजे तारा कितीही आकसला तरी दोघांची कुस्ती तशीच राहते, त्रिज्या उडून जाते आणि निकाल फक्त कणांच्या संख्येवर लागतो. संख्या किती? एच-बार गुणिले सी (प्रकाशाचा वेग), भागिले जी (गुरुत्वाचा स्थिरांक) गुणिले प्रोटॉनच्या वस्तुमानाचा वर्ग, आणि या सगळ्याचा दीड घात. प्रोटॉनच्या वस्तुमानाने गुणलं की वजन. मी केलं, आणि उत्तर आलं २९ सूर्य.

परत केलं. २९. युनिट तपासली, ती पुस्तकं सगळी सीजीएसमध्ये (सेंटिमीटर-ग्रॅम) आणि माझं डोकं एसआयमध्ये (मीटर-किलो), म्हणून वाटलं तिथेच गेलं असणार, सगळं एसआयमध्ये परत मांडलं, तरी २९. दोन शनिवार गेले. २९ सूर्यांचा श्वेतबटू चालत असता तर मग सुपरनोव्हा कशाला झाले असते, हे कळत होतं पण चूक दिसत नव्हती. दुसऱ्या शनिवारी शेजारच्या टेबलावरची एक रिसर्च करणारी मुलगी पाणी प्यायला उठली, जाताना माझ्या वहीकडे तिरकं बघून म्हणाली, "काका, एच घेतलाय की एच-बार?"

एच, म्हणजे प्लँकचा स्थिरांक, तसाच घेतला होता; एच-बार म्हणजे तोच भागिले २ पाय. डोक्यावरची आडवी रेघ राहिली होती. दोघांत २ पायचा फरक, त्याचा दीड घात म्हणजे १५.७५ पट. २९ ला (नेमके २९.२) १५.७५ ने भागलं, १.८५ सूर्य. पहिलीपासून आजपर्यंत प्रत्येक अक्षरावर शिरोरेघ ओढणाऱ्या माणसाने नेमकी हीच रेघ विसरावी! ती मुलगी हसली नाही, हे तिचं मोठेपण.

१.८५ हे ढोबळ उत्तर, नीट आकडा हवा तर लेन-एमडेनचं समीकरण (ताऱ्यात केंद्राकडून बाहेर घनता कशी उतरते ते देणारं) सोडवावं लागतं, आणि ते कागदावर फक्त ०, १ आणि ५ या इंडेक्सना (दाब घनतेबरोबर कसा वाढतो ते सांगणारा आकडा) सुटतं, आपल्याला हवा ३. मग घरी एक्सेल. पहिल्याच ओळीत शून्याने भागाकार म्हणून एरर, कारण समीकरणात त्रिज्या छेदात बसलीये आणि केंद्रात ती शून्य. उपाय असा की अगदी केंद्रापासून सुरू न करता जरा बाजूने करायचं, तिथे थीटा (समीकरणातली घनता ठरवणारी राशी, केंद्रात १ आणि ताऱ्याच्या कडेला शून्य) म्हणजे १ वजा त्रिज्येचा वर्ग भागिले ६ धरायचं. आधी इंडेक्स १ घालून तपासलं, तर थीटा बरोबर ३.१४ वर शून्य झाला, शीटमध्ये मी कुठेही पाय लिहिलेला नसताना! बायकोला बोलावून दाखवलं, ती म्हणाली छान, गॅसवर दूध आहे बघ. मग इंडेक्स ३, पायरी ०.००१, जवळजवळ ६९०० ओळी, आणि ६.८९७ ला शून्य. तिथला उतार घेऊन निघतो २.०१८, आणि हाच आकडा मर्यादेच्या सूत्रात जातो. शेवटी ५.८३ भागिले ४ (इलेक्ट्रॉनमागच्या त्या २ न्यूक्लिऑनांचा वर्ग), म्हणजे १.४६. बहुतेक पुस्तकांत १.४४ छापतात. माझं १.४६ मला चालतं.

एक्सेल शीट ज्यांना हवी त्यांनी सांगा, देतो, पण आधी स्वतः करून बघा, एरर येऊ दे.

शिल्लक काम असं. चंद्रशेखरांचा चौथा चॅप्टर, पॉलिट्रोपचा (दाब आणि घनता ठरावीक घाताने जोडलेल्या वायूच्या गोळ्यांचा), आता उलट दिशेने वाचायला घेतलाय आणि गंमत म्हणजे आता समजतोय. मेघनाद साहांच्या समीकरणाचा (ताऱ्यातले अणू किती तापमानाला इलेक्ट्रॉन सोडतात त्याचा) १९२० चा पेपर काढायचाय, त्या मासिकाचे खंड तळघराच्या दुसऱ्या खोलीत आहेत आणि तिथली चावी काकांकडे नाही, अर्ज करावा लागतो, केलाय.

आणि व्याध. तो आता संध्याकाळी पश्चिमेला कलला, पुढच्या थंडीपर्यंत सुट्टी. तोवर पुठ्ठ्याचा षटकोनी मास्क कापून ठेवणारे, तो ट्यूबच्या तोंडावर लावला की लखलखाट सहा काट्यांत गोळा होतो म्हणे आणि मास्क फिरवून जोडीदाराला दोन काट्यांच्या मधल्या काळोखात आणता येतं. आठ इंचीवर कोणी करून बघितला असेल तर एवढंच सांगा, षटकोनाचे कोपरे पार ट्यूबच्या कडेला टेकवायचे की आरशापेक्षा थोडे आत ठेवायचे, पुठ्ठा आणलाय आणि कात्री घेऊन बसलोय.