आमची वाटचाल : गणिताच्या पुस्तकांपासून चिनी फॉन्टपर्यंत

आमची फर्म टाइपसेटिंगची, माणसं मोजकी, आणि सुरुवातीची बरीच वर्षं काम फक्त लॅटेक या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमधलं, गणिताची आणि विज्ञानाची पुस्तकं, जर्नल्स. मग एका प्रकाशकाने चिनी शिकवणाऱ्या द्विभाषिक पुस्तकाबद्दल विचारलं आणि आम्ही हो म्हणालो. आज आमच्याकडे येणाऱ्या कामातला मोठा भाग चिनी मजकुराचा आहे, त्यामुळे हा सेटअप कसा उभा राहिला ते एकदा नीट लिहायचं होतं.

तेव्हा आम्ही पीडीएफ-टेकवर होतो, म्हणजे लॅटेकच्या फाइलची पीडीएफ बनवणाऱ्या जुन्या इंजिनवर. त्यात एका फॉन्टमध्ये जास्तीत जास्त २५६ अक्षरं बसतात, आणि चीनच्या १९८०च्या जीबी २३१२ या मूळ मानकातच ६,७६३ चिनी अक्षरं आहेत, म्हणजे नुसत्या हिशोबानेसुद्धा एका फॉन्टचे कमीत कमी २७ तुकडे करायला लागतात, वर प्रत्येक तुकड्याची मापांची फाइल वेगळी, मॅपिंग वेगळं. सीजेके (चिनी, जपानी, कोरियन) या लॅटेकला जोडायच्या पॅकेजने हे सगळं व्हायचं, आणि ज्यांनी ते लिहिलं त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे, पण क्लायंटने "हा फॉन्ट नको, तो लावा" म्हटलं की अख्खी मिरवणूक पुन्हा पहिल्यापासून.

मग झीटेक या नव्या इंजिनवर गेलो आणि कामाचं रूपच पालटलं. झीटेक २००४ मध्ये आधी मॅकवर आलं, नंतर बाकी सिस्टिम्सवर, आणि ते सरळ युनिकोड (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना कोड देणारं मानक) वाचतं, मशीनवर इन्स्टॉल असलेला फॉन्ट नावाने उचलतं. त्यावर झी-सीजेके पॅकेज टाकलं की लॅटिन मजकुराला एक फॉन्ट आणि चिनीला दुसरा असं आपोआप वाटप होतं, मध्येमध्ये फॉन्ट बदलायच्या कमांड द्यायला लागत नाहीत. फॉन्टचं नेमकं नाव काय द्यायचं यात नवीन मुलं अडकतात, त्यांना आम्ही पहिल्या दिवशी एफसी-लिस्ट या फॉन्ट दाखवणाऱ्या कमांडला भाषा झेडएच (म्हणजे चिनी) देऊन यादी काढायला शिकवतो, त्या यादीत जे नाव दिसतं तेच फाइलमध्ये जातं, अंदाजाने काही टाइप करायचं नाही.

इथपर्यंत कोणीही पोचतं. खरं काम पुढे आहे, कारण फॉन्ट लागला म्हणजे चिनी पान जमलं असं होत नाही, तिथे निर्णय घ्यावे लागतात. पहिला निर्णय देशाचा. युनिकोडने चिनी, जपानी, कोरियन अक्षरं एकाच कोडखाली घेतली आहेत, पण लिहायची पद्धत प्रत्येक ठिकाणी थोडी वेगळी. हाड या अर्थाचं अक्षर घ्या, त्याच्या वरच्या भागात आतला छोटा कोपरा चीनच्या पद्धतीत डावीकडे असतो आणि तैवान-जपानमध्ये उजवीकडे, कोड मात्र तोच. एकदा दुसरीकडे लावलेली एक फाइल दुरुस्तीला आमच्याकडे आली, मजकूर सगळा सरलीकृत चिनी आणि फॉन्ट जपानी. चिनी न येणाऱ्याला काहीच खटकलं नसतं, पण पुस्तक शिकणाऱ्यांसाठी होतं, ते बघून बघून अक्षर गिरवणार, मग आकार चुकीचा कसा चालेल? तेव्हापासून आमच्या जॉब शीटवर पहिला प्रश्न हाच आहे की वाचक कुठला.

दुसरा निर्णय चेहऱ्यांचा, म्हणजे अक्षरांच्या वळणांचा. चिनीत इटॅलिक नाही. सॉफ्टवेअर अक्षर तिरकं करून देतं, पण ते आम्ही कधीच वापरत नाही, वाईट दिसतं. मजकुराला सोंग नावाचं वळण (जाड-बारीक रेघांचं), मथळ्याला हेइ (एकसारख्या जाडीच्या रेघांचं), आणि जिथे आपण इटॅलिक केलं असतं तिथे काइ, हाताने ब्रशने लिहिल्यासारखं, ही तिथली रीत. चिनीसाठीच्या सीटेक पॅकेजमध्ये ही जुळणी बरीचशी तयार मिळते आणि टेक लाइव्ह या सगळी इंजिनं-पॅकेजं एकत्र देणाऱ्या संचाबरोबर फॅनडॉल फॉन्ट येतात, शिकायला उत्तम. छपाईच्या कामाला मात्र आम्ही अडोबी आणि गूगलने मिळून काढलेला फॉन्ट घेतो, सॅन्स (हेइ वळणाचा) २०१४ मध्ये आला, सेरिफ (सोंग वळणाचा) २०१७ मध्ये, मोफत आहे आणि लायसन्सची भानगड नाही. बाकी चिनी फॉन्ट व्यावसायिक कामाला वापरायचे तर लायसन्स वाचूनच, यावर आमच्याकडे तडजोड नाही.

विरामचिन्हांबद्दल लिहायला बसलो तर वेगळा लेख होईल. चिनी पूर्णविराम म्हणजे छोटं वर्तुळ, पण जागा अख्ख्या अक्षराची घेतं, तो ओळीच्या सुरुवातीला येऊन चालत नाही, उघडणारं अवतरण ओळीच्या शेवटी चालत नाही, दोन चिन्हं शेजारी आली की मधली जागा दाबावी लागते. झी-सीजेकेमध्ये याच्या तयार शैली आहेत, प्रकाशकाला दोन-तीन शैलींची सँपल पानं पाठवा आणि त्यालाच निवडू द्या.

सगळ्यात जपायची गोष्ट म्हणजे गायब अक्षर. फॉन्टमध्ये अक्षर नसेल तर फाइल व्यवस्थित कंपाइल होते, पीडीएफ बनते, आणि त्या जागी रिकामं किंवा चौकोन. असं बहुतेक माणसांच्या नावात होतं, कारण नावांमध्ये दुर्मिळ अक्षरं असतात. लेखकाचं नावच अर्धं छापलं गेलं तर त्या माणसाला काय वाटेल! म्हणून आमच्या प्रत्येक टेम्पलेटमध्ये ट्रेसिंग-लॉस्ट-चार्स या सेटिंगची किंमत ३ ठेवलेली असते, टेक लाइव्ह २०२१ पासून तेवढं केलं की गायब अक्षरावर नुसती सूचना न येता सरळ एरर येते आणि काम थांबतं. मग त्या अक्षरापुरता फॉलबॅक, म्हणजे पर्यायी फॉन्ट लावायचा आणि प्रूफमध्ये तेवढी जागा चिनी वाचणाऱ्या माणसाकडून तपासून घ्यायची.

सध्या उभ्या ओळींच्या मजकुरावर काम चालू आहे, वरून खाली आणि उजवीकडून डावीकडे, त्यासाठी लुआटेक हे आणखी एक इंजिन बघतोय. कोणी त्यात काम केलं असेल तर जरूर कळवा, आणि ज्यांना चिनीचा सेटअप सुरू करायचाय त्यांना आमचं बेसिक टेम्पलेट द्यायला आवडेल.