हातात कुलूप घेऊन थांबलेला थ्रेड

चाकणच्या एका कारखान्यात आमचं तपासणी यंत्र बसवून तीन आठवडे झाले होते. पट्ट्यावरून सुटे भाग सरकतात, कॅमेरा फोटो काढतो, एक थ्रेड (प्रोग्रॅममधला स्वतंत्रपणे चालणारा धागा) फोटो घेतो, दुसरा तपासतो. ऑपरेटरने पिवळं बटण दाबलं की तपासणारा थ्रेड थांबायचा, हिरवं दाबलं की पुढे चालायचा. सगळं सी भाषेत, लिनक्सवर.

थांबवायचं काम मी सिग्नलवर, म्हणजे चालू प्रोग्रॅमला मध्येच पाठवलेल्या सूचनेवर, सोपवलं होतं. सिगस्टॉप हा थांबवणारा सिग्नल वापरता येत नाही, कारण पीथ्रेड_किल या फंक्शनने तो एकाच थ्रेडला पाठवला तरी अख्खी प्रोसेस, म्हणजे सगळा प्रोग्रॅमच, थांबते. म्हणून सिगयूझर१ या सिग्नलसाठी हँडलर (तो आला की चालणारं फंक्शन) लिहिला. त्यात सिगसस्पेंड, म्हणजे सिग्नल येईपर्यंत झोपायचं, आणि सिगयूझर२ हा दुसरा सिग्नल आला की बाहेर. आधी फ्लॅग (थांबायचं की नाही ही खूण) तपासून मग पॉज हे झोपवणारं साधं फंक्शन बोलावलं तर दोन्हींच्या मधल्या फटीत सिग्नल येऊन निघून जातो आणि थ्रेड कायमचा झोपतो. सिगसस्पेंडमध्ये मास्क (कोणते सिग्नल अडवायचे ती यादी) बदलणं आणि झोपणं एकदमच होतं, म्हणून तेच घेतलं. तेवढा विचार केला होता, त्यामुळे मी निर्धास्त होते.

त्या दिवशी वेगळ्याच एका तक्रारीसाठी तिथे गेले होते. सिरीअल केबल लावली, सविस्तर लॉग चालू केला आणि लॅपटॉपवर ओळी बघत बसले. दहा मिनिटांत सुपरवायझर आले. "मॅडम, हिरवं दाबलं तरी चालत नाहीये." बंद करून पुन्हा चालू केलं. थोड्या वेळाने परत तेच. तीन आठवड्यांत एकदाही न झालेली गोष्ट तासाभरात चारदा झाली. पट्टा थांबलेला, मागे माल साचत चाललेला.

पाचव्यांदा अडकल्यावर मी बंद करू दिलं नाही. जीडीबी हा डीबगर जोडला आणि सगळ्या थ्रेडचे बॅकट्रेस (कोण कुठल्या फंक्शनमध्ये आहे त्याच्या याद्या) काढले. तपासणाऱ्या थ्रेडमध्ये वर सिगसस्पेंड, खाली माझा हँडलर, त्याखाली 'सिग्नल हँडलर कॉल्ड' ही ओळ, आणि तिच्याखाली राइट आणि प्रिंटएफ ही लॉगची ओळ छापणारी फंक्शन्स. मेन थ्रेड? तोही प्रिंटएफमध्येच, कुलपाची वाट बघत.

ते दोन प्रिंटएफ एकाखाली एक दिसले आणि पोटात खड्डा पडला. प्रिंटएफ जिथे लिहितं त्या एसटीडीआउटला आतून एक कुलूप असतं, एका वेळी एकाच थ्रेडला लिहू देणारं. तपासणारा थ्रेड ते लावून ओळ लिहीत असतानाच पिवळं बटण दाबलं गेलं, आणि तो कुलपासकट झोपला. हिरवं दाबल्यावर मेन थ्रेड सिगयूझर२ पाठवण्याआधी 'पुन्हा सुरू करतोय' अशी एक ओळ छापायचा. ती ओळ मीच घातली होती. तिला तेच कुलूप हवं होतं, आणि ज्याच्याकडे ते होतं त्याला उठवणारा सिग्नल तिच्या पुढच्या ओळीत होता.

आधी का झालं नाही, तेही मग कळलं. ११५२०० बॉड वेगाच्या सिरीअल लाइनवरून सेकंदाला साधारण साडेअकरा हजार अक्षरं जातात, म्हणजे ८० अक्षरांच्या ओळीला ७ मिलिसेकंद. लॉग चालू केल्यावर तो थ्रेड बराचसा वेळ प्रिंटएफच्या आतच असायचा. लॉग बंद असताना तो तिथे क्वचितच सापडला असता, पण कधीतरी सापडलाच असता.

ती छापायची ओळ काढली असती तर त्या दिवसापुरतं भागलं असतं. पण मग उद्या मॅलॉकचं (मेमरी देणाऱ्या फंक्शनचं) कुलूप, परवा आणखी कुणाचं. सिग्नल कुठल्याही ओळीवर येतो आणि थ्रेडच्या हातात तेव्हा काय आहे हे बाहेरून कळायला मार्ग नाही. म्हणून दोन्ही सिग्नल काढून टाकले. एक फ्लॅग, एक म्यूटेक्स (त्याचं कुलूप), एक कंडिशन व्हेरिएबल (थांबून राहायची आणि उठवायची सोय). प्रत्येक फोटो तपासून झाला की थ्रेड स्वतःच फ्लॅग बघतो, थांबायचं असेल तर पीथ्रेड_कंड_वेटवर थांबतो. लॅपटॉपवरच प्रोग्रॅमची बांधणी केली, यंत्रावर चढवली आणि लॉग मुद्दाम चालू ठेवला.

ऑपरेटर ताईंनी पिवळं-हिरवं वीस-पंचवीस वेळा दाबून पाहिलं. मग म्हणाल्या, "आता जरा उशिरा थांबतंय का हो?"

"हो. हातातला फोटो पुरा करून थांबतंय."

त्यांनी आणखी एकदा पिवळं दाबलं, पडद्यावर फोटोचा निकाल उमटेपर्यंत थांबल्या, आणि हिरवं दाबून साचलेला माल पट्ट्यावर घ्यायला लागल्या.